न्यूहाउनला जेवा, पण रुपयांत पैसे देऊ नका

कोपनहेगनला जाणारा माणूस न्यूहाउनला गेल्याशिवाय राहत नाही, आणि जावंच. कालव्याच्या काठाने एकमेकांना खेटून उभी असलेली लाल, पिवळी, निळी घरं, समोर बांधून ठेवलेली जुनी लाकडी गलबतं, सगळं फोटोत दिसतं तसंच आहे. मला सांगायचंय ते तिथल्या खुर्चीवर बसल्यानंतरचं. भारतीय बँकेचं कार्ड घेऊन जाणाऱ्यांनी तर वाचाच.

हा कालवा पाचव्या ख्रिस्तियन राजाने 1670 च्या दशकात खणून घेतला, बोटी थेट कॉन्गेन्स न्यूटॉर्व चौकापर्यंत याव्यात म्हणून. 9 नंबरचं घर 1681 सालचं. परीकथावाला अँडरसन इथल्या तीन घरांत वेगवेगळ्या काळात राहिला: 18, 20 आणि 67. तेव्हाचं न्यूहाउन मात्र आजच्यासारखं सोज्वळ नव्हतं. विसाव्या शतकातही बराच काळ ही खलाशांची गल्ली होती. दारूचे गुत्ते, गोंदवून देणारे, बायकांचा धंदा. महिनोन्‌महिने समुद्रावर काढून आलेल्या माणसाचा पगार इथे रात्रीत संपायचा. आता खलाशी गेले, पर्यटक आले. पगार संपवण्याची कला कुठे गेली नसावी.

उत्तरेकडची बाजू उन्हाची, त्यामुळे सगळी टेबलं त्या बाजूला मांडलेली. मी आणि नणंद तिथे बसलो. भाचा स्वीडनमधल्या माल्मोहून पूल ओलांडून येणाऱ्या ट्रेनमध्ये होता, म्हणाला, ‘मामी, तुम्ही सुरू करा, मी पोचतोच.’ मी हेरिंगचं स्मोरब्रोड घेतलं, म्हणजे राय ब्रेडच्या कापावर मासा, कांदा वगैरे. नणंद शाकाहारी, तिला बटाट्याचं मिळालं आणि ते माझ्यापेक्षा चांगलं होतं. बिअर, कॉफी, नळाचं पाणी. पाण्याचेही पैसे लावले होते, पण ते मेन्यूवर छापलेलं होतं, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही. महाग असणं वेगळं आणि फसवणं वेगळं. बिल आलं 684 डॅनिश क्रोनर.

वेटर मशीन घेऊन आला. हसतमुख मुलगा, ‘इंडिया? नमस्ते!’ वगैरे. मशीन त्याने स्वतःच्याच हातात, स्वतःकडे तोंड करून धरलं. कार्ड घातलं, दोन-तीन बटणं दाबली आणि मग पिनसाठी माझ्याकडे वळवलं. त्याच्या हाताचं बोट आडवं आल्यामुळे वरची रक्कम धड दिसेना. मी पिन टाकला, तो पावती न देता पुढच्या टेबलाकडे गेला.

तेवढ्यात बँकेचा मेसेज आला: 10,265 रुपये. त्या दिवशी क्रोनरचा भाव 12 रुपये 20 पैशांच्या आसपास होता, म्हणजे व्हायला हवे होते 8,345. नणंदेने तोंडी हिशोब केला, ती बँकेतून निवृत्त झालेली आहे. म्हणाली, ‘वहिनी, ह्याने रुपयांतच कापलेत. पावती मागा आधी.’

पावती मागून घ्यावी लागली. तिच्यावर दोन गोष्टी होत्या. 15 टक्के टिप, 102.60 क्रोनर, जी आम्ही दिलीच नव्हती. आणि टिपसकट सगळ्या रकमेचं रुपयांत रूपांतर, 13 रुपये 5 पैसे दराने. खाली बारीक अक्षरांत छापलेलं, की चलनाची निवड ग्राहकाने केली आहे.

टिपचं आधी सांगते. डेन्मार्कमध्ये मेन्यूवर छापलेल्या किमतीत 25 टक्के व्हॅट आणि सेवेचा आकार दोन्ही धरलेले असतात. आवडलं तर चार पैसे वर ठेवावेत, पण कोणी अपेक्षा धरत नाही. मशीनवर टक्केवारीचे पर्याय आले तर सरळ शून्य दाबा, लाजायचं काही कारण नाही.

रुपयांचा प्रकार जास्त चलाख. परदेशी कार्ड घातलं की मशीन विचारतं, पैसे स्थानिक चलनात घ्यायचे की तुमच्या. एका बाजूला डीकेके, म्हणजे क्रोनर, दुसऱ्या बाजूला आयएनआर, म्हणजे रुपये. रुपये दाबले की दर तुमची बँक ठरवत नाही, तिथल्या मशीनची यंत्रणा ठरवते, त्यात आपलं कमिशन घालून, आणि त्या कमिशनचा वाटा दुकानदारालाही मिळू शकतो. हा प्रश्न ग्राहकालाच विचारला पाहिजे, असा कार्ड कंपन्यांचा नियम आहे. आमच्या वतीने वेटरनेच उत्तर देऊन टाकलं.

ओळखायची खूण सोपी आहे. कार्ड क्रोनरमध्ये चाललं असेल तर बँकेच्या मेसेजमध्ये सहसा क्रोनरचाच आकडा येतो. थेट रुपयांचा आकडा आला, तर टेबलावरून उठू नका. व्यवहार तिथल्या तिथे रद्द करून क्रोनरमध्ये पुन्हा करता येतो, आणि तसं करून मागायचं. एकदा बाहेर पडलात की संपलं.

आम्ही उठलो नाही. भाचा आला, मॅनेजरशी स्वीडिशमध्ये बोलला, तो डॅनिशमध्ये उत्तरं देत होता. दोघांना एकमेकांचं पुरेसं कळत होतं. टिप रोख परत मिळाली, तोंड वाकडं करून. व्यवहार रद्द करायला मात्र ठाम नकार. ‘पिन तुम्ही टाकलात’, हे एकच पालुपद.

एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे रूपांतर नाकारायचं. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड घेऊन जाणाऱ्यांना आणखी एक सांगते. डेन्मार्कने 2000 सालच्या सार्वमतात युरो नाकारला, तिथे क्रोनरच चालतो. युरोच्या कार्डातून क्रोनर गेले की बहुतेक कार्डांवर चलनबदलाचा आकार वेगळा लागतो. शिवाय भारतीय कार्डावर दुकानदाराने वेगळं शुल्क लावणं तिकडे कायद्याने चालतं, पण ते आधी सांगावं लागतं. दारावरची पाटी वाचून आत जा.

आणि कोपनहेगनकर इथे काय करतात ते बघा. त्यातले कितीतरी जण कोपऱ्यावरच्या दुकानातून बिअर विकत घेतात आणि कालव्याच्या कठड्यावर पाय सोडून बसतात. उघड्यावर पिणं तिथे गुन्हा नाही. ऊन तेच, घरं तीच, मशीन धरून उभा राहणारा कोणी नाही.

परत आल्यावर बँकेकडे पावती जोडून तक्रार केली. उत्तर आलं: व्यवहार पिन टाकून झाला आहे, चलन ग्राहकाने निवडल्याचं पावतीवर नमूद आहे, सबब दावा बंद. पुढच्या स्टेटमेंटमध्ये आणखी एक ओळ होती. परदेशात रुपयांत व्यवहार केल्याबद्दल 1 टक्का शुल्क, अधिक जीएसटी, एकूण 121 रुपये 13 पैसे.