रिकाम्या बाटलीचा परतीचा रस्ता: अनामत आणि रिफिलचे अकरा महिने

आधी तोट्याचा हिशेब. अकरा महिन्यांत तीन काचेच्या बाटल्या फुटल्या, दोन झाकणं हरवली आणि जेवणाचा एक डबा ऑफिसातल्या कुणीतरी नेला तो नेलाच. त्या सगळ्याचे पैसे बुडाले. तरीही रिकामं परत द्यायचं आणि पुन्हा भरून घ्यायचं ही पद्धत मी सोडलेली नाही. सुरुवातीला मला अप्रूप होतं ते भरून घेण्याचं. प्रत्यक्षात भरून घ्यायला काहीच लागत नाही. घाम फुटतो तो रिकामं परत नेताना.

घरात आम्ही चार माणसं. तीन गोष्टी सुरू केल्या. कपड्यांचं आणि भांड्यांचं लिक्विड आणि शाम्पू आपल्याच बाटलीत सुटे भरून आणायचे. पेयांच्या काचेच्या बाटल्या अनामत देऊन घ्यायच्या आणि रिकाम्या झाल्या की परत द्यायच्या. आणि बाहेरून जेवण मागवलं तर ते टिकाऊ डब्यात यायचं. डबा ठरलेल्या दिवसांत परत केला तर काही नाही, नाहीतर ॲपमधून पैसे कापले जातात.

सुटं भरण्याबद्दल थोडक्यातच सांगते. रिकाम्या बाटलीचं वजन आधी काट्यावर करून घ्या. नळ जोरात सोडला की लिक्विडला फेस येतो आणि बाटली काठोकाठ भरल्यासारखी दिसते. मापावर पैसे घेतले जात असतील तर तुम्ही फेस विकत घेता, वजनावर घेतले जात असतील तर नाही. माझी घोडचूक वेगळीच होती. स्वच्छतेच्या हौसेपायी मी शाम्पूची बाटली दर वेळी विसळून ओलीच घेऊन जात होते. तिसऱ्या खेपेला शाम्पूला आंबूस वास यायला लागला. तळाशी राहिलेल्या पाण्यामुळे शाम्पूतलं प्रिझर्व्हेटिव्ह पातळ होतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. आता बाटली धुऊन, उलटी घालून पूर्ण वाळवते. वाळली नसेल तर त्या दिवशी जातच नाही. पंप मात्र कितीही धुवा, स्प्रिंगपाशी ओलाच राहतो. म्हणून पंप काढून साधं झाकण लावलं. घरच्यांनी आठवडाभर कुरकुर केली, मग विसरले.

सुट्याचा एक गुण मला आधी लक्षात आला नव्हता. हवं तेवढंच घेता येतं. हातात पैसे कमी असले की माणूस लहान पुडी घेतो आणि दर ग्रॅमला जास्त मोजतो. मोठ्या पॅकची स्वस्ताई त्याच्या वाट्याला येतच नाही. चिलीतली आल्ग्रामो ही कंपनी याच निरीक्षणातून उभी राहिली: आपली बाटली आणा, हवे तेवढे ग्रॅम भरा, दर मोठ्या पॅकचाच. पर्यावरणाचं नाव न घेताही ही पद्धत पटवून देता येते, आणि माझ्या आईला ती अशीच पटली.

आता बाटल्या. इथे पहिले दोन महिने मी चक्क फसले होते, आणि त्यात दुसऱ्या कुणाचाच दोष नाही. अनामत असलेली प्रत्येक बाटली धुऊन पुन्हा भरली जाते अशी माझी समजूत. काचेच्या बाटल्यांबरोबर काही प्लॅस्टिकच्याही घेत होते आणि परतीच्या मशीनमध्ये टाकून समाधानाने घरी येत होते. एक दिवस मशीनच्या पोटातून कडकड आवाज आला. वाकून पाहिलं, विचारलं तेव्हा कळलं, आत बाटली चेपली जाते. ती वितळवायला जाणार, भरायला नाही. अनामत ही बाटली परत आणण्याची युक्ती आहे; परत आल्यावर तिचं काय करायचं हा वेगळा प्रश्न. जर्मनीत तर एकदाच वापरायच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट अनामत असते आणि पुन्हा भरायच्या बाटल्यांवर बहुतेक वेळा ८ किंवा १५ सेंट. जास्त अनामत म्हणजे जास्त चांगली बाटली, असा अंदाज बांधणारा तिथेही चकेल. तेव्हापासून मी लेबल वाचते. ‘पुन्हा भरली जाते’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती चेपली जाणार असंच धरून चालते. चेपण्यातही वाईट काही नाही, रस्त्यावर पडण्यापेक्षा कधीही बरं. पण माझ्या वहीत ती वेगळ्या रकान्यात जाते. आणि चेपली जाणार म्हणून घरीच पायाखाली चेपून नेऊ नका. मशीनला बारकोड वाचता आला नाही तर अनामत मिळत नाही. हेही अनुभवाचेच बोल.

काचेच्या बाटलीवर खांद्याला आणि बुडाला पांढुरकी वलयं दिसली की काही जण ती बाजूला सारतात, अस्वच्छ समजून. ती घाण नव्हे. कारखान्यात भरताना सरकत्या पट्ट्यावर बाटल्या एकमेकींना घासतात, त्याचे ते ओरखडे. धुण्याचं म्हणाल तर गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून बाटली निघते. माझ्या मोरीत कुठलीच वस्तू इतकी स्वच्छ होत नाही. काचेची बाटली साधारण ५० फेऱ्या मारू शकते. मी तर जास्त वलयांची बाटली मुद्दाम निवडते. ती कामाला आलेली असते.

माझी खरी तक्रार बाटल्यांच्या आकारांबद्दल आहे. मी घेते त्या चार पेयांच्या बाटल्या चार तऱ्हेच्या. एकीची मान लांब, दुसरीच्या अंगावर नाव कोरलेलं. म्हणजे प्रत्येकीला आपापल्याच कारखान्यात परत जायला हवं. जर्मनीतल्या मिनरल वॉटर कंपन्यांनी १९६९ मध्ये हा प्रश्न निकालात काढला. ग्युंटर कुपेट्झ या डिझायनरने काढलेली एकच ०.७ लिटरची बाटली सगळ्यांनी वापरायची, कुणाचीही रिकामी बाटली कुणीही भरायची, फरक फक्त लेबलाचा. काच जड असते; रिकामी काच लांबवर वाहून नेण्यात पुन्हा भरण्याचा बराचसा फायदा इंधनात जातो. बाटली सामाईक असली की ती जवळच्या भरणीकेंद्रात जाऊ शकते. आपल्या गावापुरती, जिल्ह्यापुरती फिरणारी व्यवस्था हवी असेल तर ॲप आणि पोस्टरच्या आधी हे ठरवावं, असं माझं मत अकरा महिन्यांत पक्कं झालं आहे.

पण कंपन्यांना नावं ठेवण्याआधी माझंच पितळ उघडं पाडते. तिसऱ्या महिन्यात मी एक वही केली. बाटली रिकामी झाली ती तारीख आणि परत गेली ती तारीख, बस्स. काही महिन्यांनी पाहिलं तर बाटल्या आमच्या गॅलरीत सरासरी पाच आठवडे पडून होत्या. एक तर चौऱ्याहत्तर दिवस. म्हणजे ट्रक, धुणं, भरणं आणि दुकानाचं कपाट या सगळ्यांत मिळून जेवढा वेळ गेला असेल, त्याहून जास्त बाटली आमच्याकडे लोळत होती.

यात काय एवढं, असं वाटेल. हिशेब करून बघा. एक फेरी दोन महिन्यांची झाली तर वर्षाला सहा फेऱ्या. ५० फेऱ्यांना आठ वर्षांहून जास्त लागतील. फेरी महिन्याची झाली तर साधारण चार वर्षांत तेवढ्याच फेऱ्या. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर तेवढीच विक्री करायला निम्म्या बाटल्या पुरतात. माझ्या गॅलरीत बाटली लोळते तेव्हा तिच्या जागी कुठेतरी नवी बाटली भट्टीतून काढावी लागते. पन्नास वेळा वापरायची जाड, जड बाटली मी एकदाच वापरून ठेवून दिली, तर पातळ फेकाऊ बाटलीपेक्षा माझंच पाप जास्त.

मग दोन बदल केले. क्रेट गॅलरीतून उचलून बाहेरच्या दारापाशी आणला, जाता-येता पायात येईल असा. आणि सामान पोचवणाऱ्या माणसाला रिकाम्या बाटल्या त्याच वेळी देता येतात का, हे विचारलं. येतात, असं कळलं! सहा महिने कुणी सांगितलंच नव्हतं. भरलेलं खाली उतरवलं की रिकामं वर चढतं, गाडी तशीही रिकामी परत जाणार असते. या दोन बदलांनी पाच आठवड्यांचे अकरा-बारा दिवस झाले. त्याआधी मी दोन बाटल्यांसाठी मुद्दाम स्कूटर काढून जात होते. त्या पेट्रोलचा हिशेब वहीत नाही, आणि बरंच आहे.

अनामत किती असावी यावर घरात वाद आहे. धाकट्याचं म्हणणं, इतक्या थोड्या रकमेसाठी कोण जाणार. त्याचं अगदीच चूक नाही. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात १९७१ पासून बाटल्यांवर अनामतीचा कायदा आहे. परतीचं प्रमाण सलग दोन वर्षं ८० टक्क्यांखाली राहिल्यामुळे २०१७ मध्ये ती ५ सेंटवरून १० सेंट झाली. २०१६ मधलं ६४ टक्के प्रमाण २०१८ पर्यंत ८१ टक्क्यांवर गेलं. याच काळात तिथे परतीची केंद्रंही वाढत होती, तेव्हा सगळं श्रेय रकमेला देणार नाही. पण फारच थोडी अनामत ही अनामत राहत नाही, ती बाटलीची किंमत होऊन बसते. उलट बाजूही आहे. आमच्याकडे एका वेळी बारा-पंधरा बाटल्या असतात. अनामत दुप्पट झाली तर तेवढे पैसे कायमचे काचेत अडकणार. आम्हाला ते झेपेल. सगळ्यांना झेपेल असं नाही.

आणि बुडालेली अनामत जाते कुणाकडे? मी तीन बाटल्या फोडल्या, ते पैसे कुणाच्या तरी खिशात राहिलेच ना. जर्मनीत ते उत्पादकाकडे किंवा विक्रेत्याकडे राहतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ७५ टक्के राज्याकडे आणि २५ टक्के दुकानदारांकडे. माझ्या विसरण्यातून ज्याचा फायदा होतो तो मला आठवण कशाला करील? नॉर्वेची पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते. तिथे पेयांच्या बाटल्या-कॅनवर पर्यावरण कर आहे आणि परतीचं प्रमाण वाढेल तसा तो कमी होतो. ९५ टक्क्यांना शून्य. म्हणजे बाटली परत यावी यात कंपनीचाही स्वार्थ.

डब्यांची गोष्ट मात्र फसली. डबे चांगले आहेत, झाकण घट्ट बसतं, पण गरम पाण्यात वारंवार धुतल्यामुळे परतीची नोंद ज्यावरून होते ते डब्यावरचे क्यूआर कोड पुसट होतात. सहाव्या महिन्यात मी वेळेत परत केलेल्या डब्याची नोंद झालीच नाही आणि पैसे कापले गेले. फोटो पाठवला, मेल केले, एकोणीस दिवसांनी पैसे आले, तेही बँकेत नाही तर ॲपमधल्या खात्यात. अनामत रोखीने घेतली असेल तर रोखीनेच परत यायला हवी. कूपन देणं म्हणजे मला पुढच्या खरेदीला बांधून ठेवणं. डब्यांचं खातं मी बंद केलं. आता जवळपासचं जेवण असेल तर स्वतःचा डबा घेऊन जाते.

सुटं भरणं चालू आहे, बाटल्या चालू आहेत. क्रेटमध्ये आज पाच रिकाम्या आहेत, त्यांतली सर्वांत जुनी नऊ दिवसांची. एकीचं झाकण सापडत नाहीये. गाडी परवा येते, तोपर्यंत पलंगाखाली बघते.