निळ्यावर निळा, आणि हेअर ड्रायर एकच

मागच्या रविवारी कोथरूडमध्ये एका छोट्या स्टुडिओत ‘हिवाळ्यातली रात्र’ असं पेंटिंग वर्कशॉप केलं, ॲक्रिलिक रंग, तीन तास, बाराशे रुपये, सामान त्यांचंच. नाव लिहीत नाही कारण थोडं वाईटही लिहिणारे आणि पुण्यात कोण कुणाच्या ओळखीचं निघेल सांगता येत नाही.

शिकवणाऱ्या ताईंनी आल्याआल्या काय केलं तर काळ्या रंगाची ट्यूब आमच्यासमोर ड्रॉवरमध्ये टाकून दिली. रात्र म्हणजे काळी हे शाळेपासून डोक्यात बसलेलं, पण अल्ट्रामरीनमध्ये (निळा) बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळलं की जो गडद येतो ना तो काळ्याहून खोल दिसतो, आणि अंबर जरा कमी केलं की चित्राला थंडीच वाजायला लागते. प्रशियन ब्लू मात्र जपून, मटकीएवढा घेतला तरी सगळी प्लेट खातो, माझ्या कुर्त्याची बाही अजून निळी आहे.

मग मागून पुढे यायचं, आधी आकाश, मग लांबचा डोंगर पांढरा मिसळून धुरकट, जवळची झाडी सगळ्यात गडद. ॲक्रिलिक वाळलं की गडद होतं (ओलं असताना त्यातला बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट भाग, दुधाळ असतो म्हणून फिकट वाटतं) हे आधी सांगायला हवं होतं राव, माझा लांबचा डोंगर वाळल्यावर पार पुढे येऊन उभा राहिला, परत रंगवला.

सॅम्पलमध्ये बर्फ आणि पाइनची झाडं होती. म्हटलं ताई, बर्फ मी फक्त उसाच्या रसात बघितलाय, सिंहगड काढू का? तर म्हणे काढा की. मग खडकवासल्याच्या पाण्यापलीकडे गड, पायथ्याला कोरड्या ब्रशने घासून धुकं, आणि वर टीव्ही टॉवरचा लाल दिवा, टूथपिकने एकच ठिपका. एवढ्या निळ्यात तेवढंच ऊबदार. ते बघून शेजारच्या आजींनी त्यांच्या बर्फातही एक लाल ठिपका देऊन टाकला, कशाचा ते त्यांनाच ठाऊक.

तक्रार एकच पण मोठी. चौदा जणांत हेअर ड्रायर एक! खालचा थर ओला असताना वर ब्रश फिरवला की तो उचलून येतो आणि चिखल होतो, म्हणून सगळे कॅनव्हास धरून रेशनच्या लाइनीसारखे उभे, त्यातच चाळीस मिनिटं गेली. कॅनव्हासही बोर्डवर चिकटवलेला, माझा कोपऱ्यातून सुटला.

पार्किंगचं विचारू नका. पुढच्या महिन्यात पावसाळी रात्र ठेवतायत, जाणारे, ड्रायर घरचा नेईन.