आय-लीग २०२४-२५: खेळाला पाच तारे, कारभाराला दोन

आय-लीग या देशातल्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल स्पर्धेच्या शेवटच्या दिवसाने, ६ एप्रिलने, एकट्यानेच पैसे वसूल केले. श्रीनगरला चर्चिल आणि रियल काश्मीर या संघांची १-१ बरोबरी. कोळिकोडला आपल्या गोव्याच्या धेंपोने गोकुलमला ४-३ हरवलं. मी घरात ओरडत होतो. आयएसएलच्या, म्हणजे वरच्या श्रेणीच्या लीगच्या, झगमगाटात असा थरार मला तरी मिळालेला नाही.

चर्चिल ४० गुण, इंटर काशी ३९. भारतीय फुटबॉल महासंघाने चषक चर्चिलला दिला. पण नामधारी संघाने काशीविरुद्ध अपात्र खेळाडू उतरवल्याने त्या सामन्याच्या गुणांचा वाद स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलैत विजेतेपद काशीचं झालं. निकाल नियमाला धरून असेल, पण आयएसएलमधली बढती ठरायला तीन महिने? खेळाडूंनी करार कशाच्या भरवशावर करायचे?

मोबाइलवरचं प्रक्षेपण अधूनमधून अडकायचं. तरीही बघाच.