आजोबांचं .३२ वेब्ली आणि आत्ताची काडतुसं: काही महिने वापरल्यानंतर

आजोबांचं वेब्ली रिव्हॉल्वर वारसाहक्काने माझ्या परवान्यावर चढलं त्याला बरेच महिने झाले, नाशिकच्या रेंजवर नियमित चालवतोय म्हणून आता लिहितो. बर्मिंगहॅमचं, .३२ बोअरचं, सहा काडतुसांचं, मधून मोडून उघडणारं म्हणजे टॉप-ब्रेक. कोणाच्या घरी असं जुनं रिव्हॉल्वर कपाटात पडून असेल आणि दुकानातून नवीन काडतुसं आणून चालवायचा विचार असेल तर आधी हे वाचा.

पहिली गोष्ट काडतूस. आपल्याकडे .३२ म्हणून दोन वेगवेगळी मिळतात, रिव्हॉल्वरचं ७.६५ × २३ म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, आणि पिस्तुलाचं ७.६५ × १७ म्हणजे .३२ एसीपी (आकडे मिलिमीटरमध्ये, दुसरा आकडा केसची म्हणजे पितळी नळकांड्याची लांबी). आणि घात असा की पिस्तुलाचं काडतूस या सिलिंडरमध्ये आरामात जातं, मागची कड जेमतेम बाहेर असते तरी अडकतं आणि उडतंही, त्यामुळे लोकांना वाटतं चाललं म्हणजे चालतं. लाँगचं कमाल प्रेशर १५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरतात आणि एसीपीचं २०,५००! जुन्या टॉप-ब्रेकच्या बिजागरीवर आणि वरच्या कडीवर दर फायरला हा जास्तीचा धक्का बसत राहतो, आज काही दिसत नाही पण सगळं हळूहळू ढिलं होतं. मला एका दुकानात बिनधास्त पिस्तुलाचा डबा पुढे केला होता. तेव्हापासून काउंटरवर नुसतं "बत्तीसची द्या" म्हणत नाही, खोक्यावर २३ वाचतो, घरी एक काडतूस काढून केसची लांबी मोजतो, मग पुढे.

अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालंय. .४५५ वेब्लीच्या सिलिंडरची मागची बाजू घासून त्यात क्लिप लावून .४५ एसीपी चालवायचे, कारण ती काडतुसं सहज मिळायची. पण .४५५ चं प्रेशर साधारण १३,००० आणि .४५ एसीपीचं २१,००० पर्यंत, म्हणून तिकडचे जाणकार अशा रिव्हॉल्वरमध्ये फॅक्टरीचं काडतूस नको, हलका लोड म्हणजे कमी दारू भरलेलं वापरा असं सांगतात. १८५८ च्या रेमिंग्टन रिव्हॉल्वरच्या नकलांमध्ये काडतुसं चालावीत म्हणून वेगळा, कन्व्हर्जन सिलिंडर बसवतात तिथेही तेच, फक्त स्टीलची फ्रेम, पितळेची अजिबात नाही, आणि लोड कमी प्रेशरचा. आपल्याकडे .४५५ प्रतिबंधित बोअर, आणि शस्त्रात बदल करायला १९५९ च्या शस्त्र कायद्यात वेगळा परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडे जायचा विचारसुद्धा करू नका.

चालवायच्या आधी परवानाधारक गनस्मिथकडून तपासून घेतलं, तो खर्च करायचाच. त्याने आधी ठसे बघितले. मुकुटाखाली एनपी असेल तर ते नायट्रो म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेलं, बर्मिंगहॅमचा हा ठसा १९०४ पासूनचा. त्याआधीचं फक्त काळ्या दारूचं असेल तर ते जपून ठेवा, त्यात आत्ताचं काडतूस घालू नका. मग घोडा हळूहळू मागे ओढून सिलिंडरचं प्रत्येक घर नळीसमोर येऊन पक्कं बसतं का ते बघितलं, सहाही, एक-दोन बघून चालत नाही. सिलिंडर आणि नळीमधली फट फिलर गेजने (पातळ पट्ट्यांचं माप) मोजली, नळीच्या सिलिंडरकडच्या तोंडाशी चीर आहे का ते भिंगाखाली बघितलं.

मी स्वतः एक करतो, रेंजवर फटीच्या दोन्ही बाजूंना पांढरा पुठ्ठा उभा करून एकेक फायर करतो. दोन्हीकडे काजळीची सारखीच रेघ उठली तर ठीक. एका बाजूला शिशाचे चकचकीत कण रुतलेले दिसले तर गोळी नळीत शिरताना सोलली जातेय, म्हणजे टायमिंग गेलंय, घर नळीसमोर नीट येत नाही, तिथेच थांबायचं. तो पुठ्ठा बघितलात की डावा हात फटीजवळ ठेवायची सवय आपोआप जाईल, आणि बाजूला उभ्या माणसाला पण चष्मा का लागतो ते कळेल.

आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर दुसरा चाप ओढायचा नाही, गोळी नळीत अडकलेली असू शकते. सगळं रिकामं करून नळीतून आरपार उजेड बघायचा. काडतूस उडालंच नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, लगेच मोडून उघडू नका.

बाकी वापरायला सुंदर आहे. धक्का अगदी सौम्य, घोडा चढवून मारलं तर चाप कुरकुर न करता सुटतो, डबल अॅक्शनमध्ये, म्हणजे नुसता चाप ओढून मारताना, मात्र जड, बोट थकतं. पुढची माशी बारीक असल्याने संध्याकाळी नेम धरायला त्रास होतो.

आपल्या पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं, ब्लूइंगवर (पोलादावरचा निळसर-काळा थर) लगेच तांबूस ठिपके येतात. तेलाचा हात फिरवून सिलिका जेलसोबत कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात. निवडणुकीत जमा केलेलं परत मिळालं की आधी नळीत उजेड बघा आणि सिलिंडर फिरवून बघा, मगच रेंजवर न्या.