पाळणाघराची 'कन्फर्म सीट' म्हणून माझे ३१,७०० रुपये नेले, तुम्ही सावध राहा

"आमची बदली झालीय, माझ्या बाळाची पाळणाघरातली सीट तुमच्या नावावर करून देते" असं कोणी म्हणालं तर त्या व्यक्तीला एक रुपयाही पाठवू नका. असा व्यवहारच नसतो. मी नंतर ज्या ज्या पाळणाघरांत विचारलं, तिथे सगळ्यांनी हेच सांगितलं की जागा रिकामी झाली की ती यादीतल्या पुढच्या बाळाला जाते, एका आईकडून दुसऱ्या आईकडे परस्पर जात नाही. हे मला कळलं तेव्हा माझ्या खात्यातून ३१,७०० रुपये गेलेले होते.

हे लिहू नकोस, लोक हसतील, असं घरातून सांगून झालंय. हसू देत. पण ज्यांना वाटतंय की आपण शिकलेल्या आहोत, आपण फसणार नाही, त्यांनी पूर्ण वाचा. मी हिशेबाचं काम करते. ओटीपी कोणाला देत नाही, अनोळखी लिंक उघडत नाही. या प्रकरणात कोणी ओटीपी मागितलाच नाही, लिंक पाठवली नाही, धमकी दिली नाही. एक बाई माझ्याशी रोज बाळाच्या सर्दीबद्दल आणि झोपेबद्दल बोलत होती.

आधी हे कुठून सुरू होतं ते बघा. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे आई कामावर रुजू होते तेव्हा बाळ चार ते सहा महिन्यांचं असतं. आणि आमच्या भागातली बरी पाळणाघरं म्हणतात, वर्षाखालचं बाळ घेत नाही. जी घेतात त्यांच्याकडे तान्ह्या बाळांच्या जागा मोजक्याच, कारण एक मावशी अशी दोन-तीनच बाळं धड सांभाळू शकते. मोठी मुलं जूनमध्ये शाळेत गेली की जागा होतात, अधेमधे नाहीत. माझी रजा डिसेंबरात संपत होती. त्याच दुरुस्तीत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असंही आलं, पण आमच्या ऑफिसात तेवढी माणसं नाहीत, त्यामुळे तो दरवाजा बंद. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आई भावाच्या जुळ्यांमध्ये अडकलेली. रजा संपणं आणि पाळणाघराने बाळ घेणं यांत जे महिने उरतात, ते आईने कसे काढायचे याचं उत्तर कोणाकडेच नाही, आणि हे चोर नेमके तिथेच बसलेत.

मी आयांच्या एका ग्रुपवर विचारलं. आमचा भाग, मुलीचं वय, माझ्या ऑफिसच्या वेळा, कुठल्या पाळणाघरात वेटिंगवर आहोत आणि रुजू व्हायची तारीख, सगळं लिहिलं. मदत मागताना माणूस हे लिहिणारच, त्यात माझं काय चुकलं हे मला अजून कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. पण तुम्ही लिहू नका. निदान तारीख तरी लिहू नका. त्या तारखेवरच पुढचा सगळा खेळ झाला.

"अगं, मीपण आईच आहे गं," असा तिचा पहिला मेसेज. मुलगा अकरा महिन्यांचा, नवऱ्याची बदली, त्याच पाळणाघरातली सीट मार्चपर्यंत भरलेली, पैसे वाया जातायत. पाळण्यांच्या खोलीचे फोटो आले, मावशी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली. (ते फोटो पाळणाघराच्या स्वतःच्या पेजवरून उचललेले होते हे नंतर कळलं. फोटो हा पुरावा नसतो.) सीट धरून ठेवायला १,५०० रुपये. ते पाठवले तर माझ्या मुलीच्या नावाची, शिक्का मारलेली पावती आली. मग १८,००० रुपये डिपॉझिट, दोन महिन्यांचं. ते पाळणाघराला न देता तिला का द्यायचं, हे मी विचारलं. तिचं उत्तर होतं, "मी भरलेलं डिपॉझिट तिथेच राहणार, नाव तुझं लागणार, मग मला ते तूच दे ना." सांगा, यात काय खोट काढणार? भाड्याच्या घरात लोक असंच करतात.

आणि आता तो क्षण. १८,००० पाठवताना, पिन टाकायच्या आधी, स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं. एका पुरुषाचं नाव. आडनाव तिच्या आडनावाशी जुळत नव्हतं, पावतीवरच्या आडनावाशीही नाही. मी ते वाचलं. नीट वाचलं. मांडीवर मुलगी रडत होती, मी फोन एका हाताने धरला होता आणि तिला मेसेज केला, हे कोणाचं नाव? लगेच उत्तर, "दिरांचं खातं आहे गं, माझं केवायसी अडकलंय." एका ओळीचं उत्तर आणि मी पिन टाकला. मला रात्री झोप लागत नाही ती या एका गोष्टीने. बँकेत नोंदलेलं नाव यूपीआय आपल्याला पैसे जाण्याआधी दाखवतं, ते याचसाठी. यंत्राने मला खरं सांगितलं होतं आणि मी एका अनोळखी बाईचं ऐकलं. नाव जुळलं नाही की थांबा. कारण कितीही पटणारं असू दे. दिराचं, मामाचं, अकाउंटंटचं, कोणाचंही खातं असो, थांबा.

मी आंधळेपणाने पैसे फेकत गेले असं कोणी म्हणू नये. पुढचे ९,००० देण्याआधी मी स्वतः पाळणाघरापाशी गेले होते. तिनेच सांगितलं, सव्वाच्या सुमारास जा, बाहेरून बघून घे, पण सीट बदलायचं आत विचारू नकोस, वेटिंगवरच्या बाकीच्या आया भांडायला येतात, मग मॅडम दोघींचंही रद्द करतील. गेटवर पाटी होती, दुपारी १ ते ३:३० मुलांची झोप, बेल वाजवू नये. पाळणाघराचा खराखुरा नियम. तिला तो माहीत होता आणि तिने मला बरोबर त्याच वेळी पाठवलं. दोरीवर छोटी दुपटी वाळत होती. बाळं झोपलेली असताना बेल कुठली आई वाजवेल? मी परत आले आणि ९,००० पाठवले. नंतर 'बेबी किट आणि मेडिकल' म्हणून ३,२००. त्यानंतर मावशीच्या पोलीस पडताळणीचे म्हणून ६,५०० मागितले तेव्हा नवऱ्याने फोन हातातून काढून घेतला. तो म्हणाला, पडताळणीचे पैसे आपण का द्यायचे? त्या संध्याकाळपासून तिचा फोन बंद.

जाणार तर साडेतीनच्या नंतर जा, आणि आत जा. बाळं कुठे झोपतात, दूध कुठे तापवतात, हे ज्या खोलीत उभं राहून बघितलं नाही त्या खोलीचे पैसे भरू नका. पैसे पाळणाघराच्या नावाच्या खात्यात, पावती संचालिकेच्या हातून.

पाळणाघराच्या मॅडमनी पावती बघितली आणि म्हणाल्या, हे आमचं जुनं लेटरहेड आहे, तुमचा नंबर अजून वेटिंगवर अकरावाच आहे. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांचं पुढचं वाक्य, "आमचं नाव कुठे घेऊ नका हं." गेटवर एक कागद लावा, सीट ट्रान्सफर होत नाही एवढंच लिहा, अशी विनंती केली. तो कागद आजही लागलेला नाही. ग्रुपवर इशारा टाकला तर ॲडमिननी पोस्ट काढून टाकली, ग्रुपमधलं वातावरण बिघडतं म्हणून. वातावरण!

आता पोलीस. आमच्या भागातल्या ठाण्यात गेले, मुलगी कडेवर. तिथे म्हणाले, हे सायबरचं, सायबरला जा. सायबरला म्हणाले, रक्कम लहान आहे, स्थानिक ठाण्यात द्या. पुन्हा ठाण्यात. ३१,७०० रुपये लहान रक्कम कोणाच्या हिशेबाने? माझ्या पगाराच्या हिशेबाने नाही. एका हवालदाराने विचारलं, "मॅडम, पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" हो, मीच. फसवणुकीत पैसे फसलेला माणूसच पाठवतो, म्हणूनच तिला चोरी न म्हणता फसवणूक म्हणतात. आणि त्याच्या शेजारच्याने विचारलं, "एवढ्या लहान बाळाला बाहेर ठेवायची गरजच काय, घरी कोणी नाही का?" मी तक्रारदार म्हणून गेले होते, माझ्या आईपणाची चौकशी करून घ्यायला नाही. माझ्या नवऱ्याला हा प्रश्न विचारला असता का?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३१८(४) मध्ये फसवून पैसे काढायला लावण्यासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्या हद्दीत घडला याची सबब सांगून तक्रार नाकारता येत नाही, यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येतं, तिथेही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे सगळं मला एका वकील मैत्रिणीने सांगितलं. ज्यांना हे पाठ असायला हवं त्यांनी मला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं. मैत्रिणीने कलमांसकट अर्ज लिहून दिला तेव्हा तोच अर्ज त्याच ठाण्यात मुकाट्याने घेतला गेला. लेखी द्या, पोचशिक्का घ्या, तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका.

बँकेने हात वर केले. पिन तुमचा, व्यवहार तुम्ही मंजूर केलेला, आमची जबाबदारी नाही. ज्या खात्यात पैसे गेले तेही कुठल्या तरी बँकेनेच कागद तपासून उघडलेलं असणार ना? त्याचं उत्तर कोणी देत नाही. सरकारी कार्यालयातही विचारून आले की खासगी पाळणाघरांची एखादी अधिकृत यादी आहे का, जिच्यावर आम्ही नाव तपासून बघू शकू. टेबलापलीकडून, "अंगणवाडी बघा." आमच्या इथली अंगणवाडी दुपारी बंद होते, माझं ऑफिस सहाला सुटतं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोहोचली तर ते अडवता येतात. मी रात्रभर थांबले, कारण मला वाटत होतं तिचं बाळ आजारी असेल, सकाळी फोन लागेल. सकाळी तक्रार केली तेव्हा त्या खात्यात ३,२०० रुपये उरले होते, ते गोठवलेत. बाकीचे २८,५०० गेले. यूटीआर (म्हणजे बँकेच्या नोंदीतला त्या व्यवहाराचा क्रमांक), स्क्रीनशॉट, चॅट, काही डिलीट करू नका. रागाने ब्लॉक केलं तरी चॅट ठेवा.

तक्रारीनंतर 'सायबर विभागातून बोलतोय' म्हणणाऱ्या एकाचा फोन आला, पैसे परत मिळवून देतो, १,२०० रुपये प्रोसेसिंग भरा. एकदा फसलेल्याचा नंबर हे लोक पुढे विकतात असं मला आता वाटतं. पैसे परत मिळण्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत, आणि यूपीआयवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही.

पैशांपेक्षा मला जास्त जाळतंय ते वेगळंच. 'ॲडमिशन फॉर्म' म्हणून तिने मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, फोटो, आमची दोघांची आधार कार्डं आणि घरचा पत्ता मागून घेतला. घरात मोठं माणूस कोणत्या वेळी नसतं, हेही मी सांगितलेलं. ठाण्यात मी हे तीन वेळा बोलले, अर्ज घेणाऱ्याने फक्त रक्कम लिहिली. म्हणून अर्जात कागदपत्रांचा वेगळा परिच्छेद घाला आणि तो वाचून दाखवा. आधार मागितलंच तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. आम्ही दोघांनी आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, कुलूप बदललं. बाळाचा फोटो फॉर्मवर चिकटवायचा तर पाळणाघरात जाऊन स्वतःच्या हाताने चिकटवा.

मी बिनपगारी रजा वाढवून घेतलीय, वेटिंगचा नंबर आता नववा आहे. त्या बाईचा बंद झालेला नंबर गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू झाला. डीपीवर दुसऱ्याच बाळाचा फोटो आहे आणि स्टेटसला 'तान्ह्या बाळासाठी सीट उपलब्ध, लगेच संपर्क'. स्क्रीनशॉट काढून ठाण्यात देऊन आले. तुमच्यापैकी कोणाला 'दिरांचं खातं' आणि 'सव्वाला जा, बेल वाजवू नकोस' हे ऐकवलं गेलं असेल, तर लाजेखातर गप्प बसू नका, आजच १९३० वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.