नव्या पीसीला डिस्प्ले येत नाही: घरी शोधायचं की दुकानात न्यायचं?

पंखे फिरतायत, कॅबिनेटमधले दिवे लागलेत आणि मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’. महिनाभर भाव बघून, एकेक भाग निवडून जोडलेल्या मशीनचं हे पहिलं दर्शन असलं की पोटात गोळाच येतो. अशा वेळी प्रश्न एकच पडतो: आता स्वतः खोलून बघत बसायचं, की उचलून दुकानात न्यायचं?

घरच्यांचे आणि मित्रांचे पीसी जोडून देताना मी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी अनुभवलाय. दुकानातल्या मुलाला आपल्यापेक्षा फार काही जास्त कळतं असं नाही. त्याच्या टेबलावर चालू रॅम, चालू एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा), जुना प्रोसेसर आणि एखादं साधं ग्राफिक्स कार्ड पडलेलं असतं, ते आपल्याकडे नसतं. म्हणून माझा हिशोब सरळ आहे. जी तपासणी दुसऱ्या भागाशिवाय होते ती घरी करायची, आणि भाग बदलून बघायची वेळ आली की दुकान गाठायचं.

घरी होण्यासारखं बरंच असतं. पहिल्यांदा मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. ग्राफिक्स कार्ड बसवलेलं असताना केबल सवयीने वर, मदरबोर्डच्या पोर्टला लावलेली मी कितीदा तरी पाहिलीय. आय५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नाही, त्यामुळे तिथून कधीच चित्र येणार नाही. रायझन ५ ७६०० मात्र स्वतः डिस्प्ले देतो. म्हणजे ७६०० वाल्याला कार्ड काढून ठेवून, केबल मदरबोर्डला लावून, कार्डात दोष आहे का हे घरच्या घरी कळतं. १२४००एफ वाल्याला त्यासाठी दुसरं कार्डच हवं, आणि ते शेजाऱ्याकडे नसेल तर दुकानाशिवाय इलाज नाही.

मग प्रोसेसरच्या विजेची आठ पिनांची वायर. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलरच्या आड असते आणि हमखास राहून जाते. ती नसतानाही पंखे फिरतात, त्यामुळे वीज पोचतेय असंच वाटतं. ही ४+४ अशी दुभंगते. ६+२ वाली वायर ग्राफिक्स कार्डाची, ती इथे जोर लावून बसवू नका.

रॅमबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा घोळ तिथेच निघाला. भाच्याच्या पीसीवर आम्ही दिवाळीच्या सुट्टीतली एक अख्खी दुपार घालवली. मदरबोर्डच्या कडेला ‘डीरॅम’ लिहिलेला बारीक दिवा पिवळा होऊन थांबायचा. तो म्हणे, “मामा, रॅम बसलीय, खटका वाजला ना!” वाजला होता, पण एकाच बाजूचा. हल्ली बऱ्याच बोर्डांवर रॅमच्या स्लॉटला एकाच टोकाला खटका असतो, दुसरं टोक पक्कं असतं. त्या पक्क्या टोकाला रॅमची काठी (पट्टी) केसभर वर राहिली होती. मोबाइलच्या टॉर्चने आडवं बघितलं तेव्हा सोनेरी पट्टीची बारीक रेघ दिसली. काढली, दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ दाबली, आणि डिस्प्ले आला. दोन काठ्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. तरी नाही आलं तर एकच काठी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी काठी तिथेच. ही अदलाबदल घरच्याच सामानावर होते.

रॅम डीडीआर५ पिढीची असेल, विशेषतः एएम५ (रायझन ७०००, ९००० चं सॉकेट) बोर्डावर, तर आधी थांबा. पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो आणि कित्येक मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. लोक अर्ध्या मिनिटात बटण दाबून बंद करतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पंधरा मिनिटं चहा घ्या.

त्या दिव्यांकडे दुकानात जाण्याआधी नीट बघाच. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज असलेली डिस्क) असे चार असतात, आणि जो लागून राहतो तिथे गाडी अडकलेली असते. स्वस्त बोर्डावर दिवे नसतील तर पिनांवर लावायचा छोटा बीप स्पीकर आणा, बीपवरून अडचण कुठे ते कळतं, आणि तो किरकोळ पैशात मिळतो.

दुकानाचं पारडं कुठे जड होतं, तर बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, जुना असेल तिथे. उदाहरणार्थ, एएम५चे बी६५० बोर्ड २०२२चे आणि रायझन ९००० आले २०२४मध्ये. गोदामात पडून असलेला बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही आणि सीपीयूच्या दिव्यावर थांबतो. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हवरून घरी अपडेट होतं, प्रोसेसर चालू असण्याची गरज नाही. बटण नसेल तर आधीच्या पिढीचा प्रोसेसर लावूनच अपडेट करावं लागतं, आणि तो दुकानातच मिळणार.

प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या पिनांचंही तसंच. एलजीए१७०० (१२४००एफ बसतो ते इंटेलचं सॉकेट) आणि एएम५ला पिना बोर्डात असतात आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी मिळत नाही. घरी कूलर काढून प्रोसेसर उचलून बघितला आणि मग दुकानात गेलात, तर पिना कोणी वाकवल्या हा वाद होतो आणि आपल्याकडे पुरावा नसतो. म्हणून मी घरी प्रोसेसरला हात लावत नाही. काउंटरवर, माझ्यासमोर उघडायला लावतो.

खर्च आणि त्रास? घरी पैसे लागत नाहीत, एक संध्याकाळ जाते. सगळे भाग एकाच दुकानातून घेतले असतील तर दुकान सोयीचं, कारण सदोष भाग शोधणं आणि बदलून देणं दोन्ही त्यांच्याच गळ्यात पडतं. रॅम एका साइटवरून, बोर्ड दुसऱ्या, एसएमपीएस तिसऱ्या असं असेल तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तेव्हा कुठला भाग गेलाय हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं, म्हणून घरची तपासणी टळत नाही. त्यातून बदलून द्यायची मुदत थोड्या दिवसांची असते, त्यामुळे घरच्या प्रयोगात आठवडा घालवू नका. एसएमपीएसचा जळका वास आला तर त्याच क्षणी प्लग काढा, पुन्हा चालू करून बघू नका.

बदलापूरहून लोकलने टॉवर घेऊन ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारापर्यंत न्यायचं, हे सोपं काम नाही. निघताना ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवा, नाहीतर धक्क्यांनी स्लॉट तुटतो. गाडीने जात असाल तर कॅबिनेट आडवं, मदरबोर्ड खाली येईल असं ठेवा. सोबत सगळी बिलं, प्रोसेसरचं खोकं आणि लागून राहिलेल्या दिव्याचा मोबाइलवर काढलेला फोटो घ्या. आणि तपासणीचे किती घेणार ते मशीन काउंटरवर ठेवण्याआधी विचारा.