वयाच्या ४३व्या वर्षी दातांना तारा : तीन ठिकाणी फिरले, सात महिन्यांनी पहिली तार लागली

आधीच सांगून टाकते, हा "आधी आणि नंतर" फोटोवाला रिव्ह्यू नाहीये. माझे दात अजून वाकडेच आहेत. तार लागून जेमतेम पाच महिने झालेत. मला लिहायचंय ते तार लागण्याआधीच्या सात महिन्यांबद्दल, कारण माझ्यासारखं तोंड असलेल्या माणसाचे अर्धे पैसे आणि पाऊण डोकं तिथेच खर्च होतं आणि त्याबद्दल कोणी काही लिहितच नाही, सगळे आपले ब्रेसेस की अलायनर (तारेऐवजी दातांवर चढवायचे, काढता येणारे पारदर्शक साचे) यावरच भांडत बसतात.

माझं तोंड म्हणजे काय ते ऐका. खालची डावी पहिली मोठी दाढ विशीत काढली, तिथे काही बसवलंच नाही, "मागचीय, कोणाला दिसतेय" म्हणून. मग वीस वर्षांत तिच्या मागची दाढ त्या मोकळ्या जागेत कलंडली आणि वरची दाढ, जिला खालून कोणी अडवायला नाही, ती हळूहळू खाली उतरली. वर उजवीकडे एक इम्प्लांट आहे, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, सहा वर्षं झाली. पुढच्या एका दाताचं रूट कॅनाल होऊन त्यावर कॅप आहे. हिरड्यातून रक्त तर कायमचंच, ब्रश केला की बेसिन गुलाबी, मी ते नॉर्मल धरून चालले होते. आणि गेल्या चार-पाच वर्षांत वरचे पुढचे दात पंख्यासारखे पसरायला लागले. आधी नव्हती अशी फट पडली, म्हणजे लग्नाच्या फोटोत नाहीये आणि आता आरशात आहे. त्या फटीमुळेच मी गेले खरंतर. बाकीचं सगळं मला प्रॉब्लेम वाटतच नव्हतं.

पहिलं ठिकाण म्हणजे क्लिनिक कमी आणि शोरूम जास्त. स्कॅन फ्री, खुर्ची मऊ, एक हसतमुख मुलगी तोंडात स्कॅनरची कांडी फिरवते आणि थोड्या वेळात स्क्रीनवर तुमचे दात, आणि मग ते अ‍ॅनिमेशन. बटण दाबलं की दात गप्पकन ओळीत. मी पाघळले, खोटं कशाला बोलू. नऊ महिने म्हणाले, हप्त्यांचा कागद पुढे सरकवला. नवऱ्याला मोबाईलवर अ‍ॅनिमेशन पाठवलं तर त्याचा रिप्लाय, "अगं हे तर कार्टूनय." तेव्हा राग आला होता. पण घरी आल्यावर लक्षात आलं की तिथे एकानेही माझ्या हिरडीला बोट लावलं नव्हतं, एक्स-रे काढला नव्हता, डायबेटिस आहे का, सिगारेट ओढता का, हाडांसाठी कुठली औषधं चालू आहेत का, काही म्हणजे काही विचारलं नव्हतं. फक्त पत्ता विचारला, अलायनरचा बॉक्स घरी पाठवायला.

दुसरे डॉक्टर अगदी उलट टोक. एक्स-रे बघितला आणि म्हणाले, "या वयात कशाला, सहा दातांवर कॅप टाकू, तीन आठवड्यांत फट गायब." मोह झाला. पण फट बुजवायला चांगले दात घासून बारीक करायचे, आणि ते पसरले कशामुळे हा प्रश्न तसाच ठेवायचा, हे काही पचेना. माझ्या केसमध्ये हे चूकच असेल असं मी म्हणत नाही हां, काही लोकांना कॅपच बरोबर पडते. फक्त मी "का" विचारलं तर ते घड्याळाकडे बघायला लागले.

तिसऱ्या ठिकाणी मी तारांसाठी गेलेच नव्हते, हिरड्यांसाठी गेले होते. हिरड्यांच्या स्पेशालिस्ट बाई. त्यांनी एक बारीक मिलिमीटरच्या खुणांची सळई घेतली आणि प्रत्येक दाताभोवती सहा जागी हिरडी आणि दाताच्या मधे घालून आकडे बोलायला लागल्या, असिस्टंट लिहून घेतेय. "दोन, तीन, तीन, पाच, सहा, चार..." आडवं पडून आपलेच आकडे ऐकणं म्हणजे निकालाच्या दिवशी वर्गात बसल्यासारखं वाटतं. तीनपर्यंत ठीक, त्यापुढे खिसा खोल, म्हणजे हिरडी दाताला सोडायला लागलीय. माझे पुढचे दात सगळे पाच-सहात. तर पसरण्याचं कारण हे होतं! मुळाभोवतीचं हाड कमी झालंय, मागच्या डाव्या दाढांचा आधार गेलाय, त्यामुळे चावण्याचा जोर पुढे येतोय आणि पुढच्या दातांना तो पेलत नाही, मग ते बाहेर सरकतात. वीस वर्षांपूर्वी मागे दुर्लक्ष केलेल्या दाढेचं बिल पुढच्या दातांनी भरलं.

मी लगेच विचारलं, मग तारा लावता येतील का. त्या म्हणाल्या, "लावता येतील, पण आज नाही." आणि मग जे समजावलं ते मला पहिल्यांदा कोणीतरी समजावलं. दात हाडात सिमेंटसारखा पक्का नसतो, मूळ आणि हाड यांच्यामधे एक पातळ पडदा असतो, साधारण पाव मिलिमीटरचा, त्यातल्या तंतूंवर दात टांगलेला असतो. तार ढकलते तेव्हा एका बाजूला हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवीन भरतं, असं करत करत दात महिन्याला फारतर एखादा मिलिमीटर सरकतो. आता तिथे इन्फेक्शन आणि सूज असेल तर विरघळणं जोरात चालतं आणि भरणं होतच नाही. म्हणजे सुजलेल्या हिरडीत दात सरकवणं हे दात घालवण्याचा शॉर्टकट. पण तेच हाड कमी असलं तरी हिरडी निरोगी असेल, तर हलक्या जोराने दात सरकवता येतो. कमी हाड चालतं, आजारी हाड चालत नाही. वयाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "त्रेचाळीस हा प्रॉब्लेमच नाहीये, सहा हा प्रॉब्लेमय." सहा म्हणजे खिसा.

मग खोलवरची सफाई, चार बैठकांमधे, बधीर करून. मग घरी ते बाटली घासायच्या ब्रशसारखे दिसणारे छोटे ब्रश दातांच्या फटीत घालायचे, रोज रात्री, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तेच आकडे. या तीन महिन्यांत मी दोनदा शोरूमवाल्यांना फोन करणार होते. (त्यांचे मेसेज चालूच होते, ऑफर संपतेय, आज शेवटचा दिवस, गेले कित्येक महिने शेवटचाच दिवस चालूय.) तीन महिन्यांनी आकडे आले तीन-चार, एका जागी पाच, आणि रक्त जवळजवळ बंद. तेव्हा कुठे त्यांनी ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे तारा लावणाऱ्या स्पेशालिस्टकडे पाठवलं.

हे डॉक्टर मला आवडले ते एका गोष्टीसाठी. मी उगाच हौसेने ते शोरूमचं अ‍ॅनिमेशन दाखवलं. त्यांनी शांतपणे पाहिलं, मधेच थांबवलं आणि वरच्या उजव्या बाजूवर बोट ठेवून म्हणाले, "हा तुमचा इम्प्लांट ना? हा सरकतोय बघा." खरंच सरकत होता! इम्प्लांटभोवती तो पडदाच नसतो, टायटॅनियम थेट हाडाला जुळलेलं असतं, त्याला तार लावा नाहीतर बैल जुंपा, तो हलत नाही. आणि शोरूमवाल्यांच्या प्लॅनमधे तो दीड मिलिमीटर सरकून छान ओळीत आला होता. मी त्या प्लॅनवर सही करणार होते हे आठवून अजून पोटात गोळा येतो.

मजा म्हणजे न हलणारा इम्प्लांटच पुढे कामाला आला. बाकीचे दात ओढायला कुठेतरी खुंटी लागते, उजवीकडे इम्प्लांट हीच खुंटी. डावीकडे खुंटी नाही म्हणून हाडात छोटा स्क्रू, सेंटिमीटरभराच्या आतला. ऐकायला भयंकर, बसवायला काही मिनिटं, आणि नंतर दोन दिवस नुसतं जिभेला तो सापडत राहतो एवढंच.

प्लॅन मात्र ऐकून आधी हिरमोड झाला. कारण त्यांनी काय काय करणार नाही हेच जास्त सांगितलं. माझा खालचा जबडा थोडा मागे आहे, त्याला "क्लास टू" म्हणतात. घरी येऊन शोधलं तर ही वर्गवारी एडवर्ड अँगल नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली केली होती, अजून तीच चालते. तर तो जबडा मागेच राहणार, कारण माझी भाची तेराव्या वर्षी तारा लावते तेव्हा तिचा जबडा वाढत असतो, माझी वाढ संपून पंचवीस वर्षं झाली, आता तो पुढे आणायचा तर ऑपरेशन. ते मला नकोय आणि माझ्या केसला तेवढी गरजही नाही असं त्यांचं मत. दातांची मधली रेष थोडी सरकलेली आहे, ती तशीच ठेवायची. उजवी बाजू नीट चावतेय, तिला हातच लावायचा नाही. करायचं काय, तर पुढचे पसरलेले दात आत घ्यायचे, डावी कलंडलेली दाढ उभी करायची, वरची उतरलेली दाढ थोडी वर ढकलायची आणि मधे जागा झाली की तिथे दुसरा इम्प्लांट. बस. मी विचारलं, ती जागा तारेनेच बंद करून टाकली तर, इम्प्लांटचा खर्च वाचेल? तर म्हणे वीस वर्षांत तिथलं हाड आक्रसून अरुंद झालंय, त्या बोळातून एवढी मोठी दाढ आणायची म्हणजे वेळही फार आणि मुळाला धोकाही. सीबीसीटीवर दाखवलं, म्हणजे तो थ्रीडी एक्स-रे. दिसलं मलाही.

अलायनर का नाही, हे पण विचारलं. वाईट नसतात म्हणाले, पुढचे दात आत घ्यायला चांगले चालतात, पण दाढ उभी करणं आणि वर ढकलणं तारेवर जास्त हातात राहतं. शिवाय अलायनर दिवसातले २०-२२ तास तोंडात हवेत. मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी बाई, मला चिकटवलेलंच बरं.

आणि जोर अगदी हलका. खांब जमिनीत कमी पुरलेला असेल तर थोड्या धक्क्यानेही कलतो, तसंच कमी हाडातल्या दाताचं. म्हणून सुरुवातीला निकेल टायटॅनियमची बारीक तार आणि घाई नाही. १८ ते २४ महिने, "आणि हा अंदाजय, वचन नाही" असं दोनदा सांगितलं. सहीच्या कागदावर सगळं लिहिलेलं, मुळं थोडी आखूड होऊ शकतात म्हणून मधे एक्स-रे काढणार, पुढचे दात जवळ आल्यावर हिरडीशी काळे त्रिकोण दिसू शकतात कारण हिरडी वर गेलीय आणि ती परत खाली येत नाही, ते कमी करायला दातांच्या कडा किंचित घासणार, तारा निघाल्यावर मागून एक बारीक तार कायमची चिकटवणार. कायमची म्हणजे किती, मी विचारलं. "जोपर्यंत दात सरळ हवेत तोपर्यंत." हे वाचून मी आठवडाभर घरी बसले, सही नाही केली. आई म्हणाली, "इतकी वर्षं चाललंच की." चाललं म्हणूनच तर ही वेळ आली ना.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर तुम्हाला वाटेल पैसे घेऊन लिहिलंय. वेटिंग भयानक. अकराची अपॉइंटमेंट म्हणजे साडेबारा धरून चाला. हिरड्यांच्या बाई एकीकडे, ऑर्थो दुसरीकडे, रिपोर्ट इकडून तिकडे मीच नाचवते, एकदा तर जुनाच एक्स-रे उघडून बसले होते दोघं. तार दरवेळी डॉक्टर स्वतः बदलत नाहीत, ज्युनिअर बदलतात, त्यातल्या एकीचा हात हलका आणि एकीचा नाही. कॅपवाल्या दातावरचा ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवतात तो तुकडा, दोनदा निघाला, सिरॅमिकवर तो नीट धरत नाही हे आधी सांगितलं होतं हे मान्य, पण दुसऱ्यांदा निघाला तेव्हा तीन दिवस फोनच उचलला नाही कोणी, मी तार गालाला टोचू नये म्हणून मेण लावून फिरत होते. आणि हिरड्यांची सफाई तारा असेपर्यंत दर तीन महिन्यांनी, तिचे पैसे वेगळे, हे मला सुरुवातीलाच कागदावर लिहून हवं होतं, तोंडी सांगितलं होतं म्हणे.

तुमचंही तोंड असंच मिक्स असेल, कुठे कॅप, कुठे दाढ गायब, कुठे हिरड्या ढिल्या, तर कुठल्याही क्लिनिकमधे पहिल्या भेटीत एवढंच बघा की कोणी सळई घालून आकडे मोजले का आणि प्लॅनमधे काय करणार नाही ते सांगितलं का. नुसतं अ‍ॅनिमेशन दाखवलं तर त्यात इम्प्लांट शोधा.

ट्रीटमेंटला माझ्याकडून पाचपैकी चार स्टार, वेटिंगचा एक कापलाय. हिरड्यांच्या बाईंना पाच. डावी दाढ पाच महिन्यांत एवढी उभी राहिलीय की तिच्यापुढच्या बाजूला, जिथे वर्षानुवर्षं काहीच पोचत नव्हतं, तिथे आता तो छोटा ब्रश जातो. फट अजून आहे, थोडी कमी झालीय असं मला वाटतं, नवऱ्याला नाही वाटत. पुढची अपॉइंटमेंट मंगळवारी अकराला आहे, पुस्तक घेऊन जाणारे.